सुईची साक्ष

अजिंठ्याची लेणी पाहून मुले खाली उतरू लागली की वाटेवर स्फटिक विकणारे गाठतात. त्यांच्या पाटीत पांढरे, पोपटी, फिकट गुलाबी खडे असतात. काही दुधी, काही काचेसारखे आरपार. आमच्या सहलीतल्या नववीच्या एका मुलाने घासाघीस करून असा एक खडा घेतला आणि बसमध्ये बसताच विचारले, "सर, लेण्यांचा दगड तर काळा. मग त्यातून हा पांढरा कसा निघाला?"

आम्ही ठरलेले उत्तर दिले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला भेगा पडल्या, लाव्हा पसरला, थरावर थर साचले, ते थंड होऊन बसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण तयार झाला. उत्तर देता देताच लक्षात आले की हे त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. लाव्हा थंड झाला, यातून काळ्या दगडाचा उलगडा होतो. पांढऱ्या खड्याचा होत नाही. शालेय पुस्तकांत दख्खनच्या दगडाची गोष्ट सहसा लाव्हा थिजला की संपते, आणि आपणही ती तिथेच संपवतो. खड्याची गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

लाव्हा थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून राहिले आणि दगडात पोकळ्या झाल्या. पुढे तापलेले पाणी या पोकळ्यांतून आणि भेगांतून झिरपत राहिले. या पाण्याने बसाल्टमधले काही घटक विरघळवले आणि पोकळ्यांच्या आतल्या भिंतीवर पुन्हा स्फटिकरूपाने मांडून ठेवले. पेंढीसारखा दिसणारा फिकट गुलाबी स्टिलबाइट, हिऊलँडाइट, स्कोलेसाइट हे झिओलाइट गटातले; त्यांच्या सोबतीला कॅल्साइट, क्वार्ट्झ आणि अपोफिलाइट. मुंबईचे भूवैज्ञानिक आर. एन. सुखेश्वाला आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये पश्चिम भारतातील या खनिजांचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला होता. किरणोत्सारी कालमापनावरून काही अपोफिलाइट स्फटिक ज्या लाव्हात वाढले त्याहून कोट्यवधी वर्षांनी धाकटे असल्याचेही पुढे दिसून आले. त्या मुलाच्या हातातला खडा अपोफिलाइटचा होता. (लेण्यांच्या भिंतीतून किंवा कड्यातून खडा उचकटणे हा गुन्हा आहे, हे सहलीला निघण्यापूर्वीच मुलांना सांगून ठेवावे.)

तेव्हा आपल्या भागातल्या दगडाचे अर्धे आयुष्य म्हणजे घन पृष्ठभाग आणि दाबाखालचे गरम पाणी यांची गाठभेट आहे. ही गाठभेट प्रत्यक्ष घडताना पाहण्याचे एक साधन गेल्या काही दशकांत हाती आले. त्या साधनाने काढलेली रंगीत चित्रे आज शिक्षकांच्या शिबिरांत आणि विज्ञान प्रदर्शनांत सर्रास दिसतात. आम्हीही ती दाखवत आलो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या चित्रांचे, आणि ती दाखवण्याच्या आपल्या पद्धतीचे, परीक्षण आहे.

आंधळ्याचा हात

१९८१ च्या सुमारास झुरिक येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांनी एक टोकदार सुई पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरवून त्याचा चढउतार मोजणारा सूक्ष्मदर्शक बांधला. सुई आणि पृष्ठभाग यांच्यामधून वाहणाऱ्या अतिसूक्ष्म विद्युतप्रवाहावर तो चालत असे, म्हणून वीज न वाहू देणाऱ्या वस्तूंना तो निरुपयोगी होता. दगड तर जवळजवळ सगळे याच वर्गातले. १९८६ मध्ये बिनिग, केल्विन क्वेट आणि ख्रिस्तोफ गर्बर यांनी ही अडचण दूर केली. त्यांनी प्रवाहाऐवजी सुई आणि पृष्ठभाग यांच्यातले बल मोजले. हाच अणुबल सूक्ष्मदर्शक, म्हणजे अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप.

याला सूक्ष्मदर्शक म्हणणे थोडे फसवेच आहे, कारण यात कोणी काही पाहत नाही. अंधारात भिंत चाचपत जाणाऱ्या माणसाच्या हातासारखे याचे काम चालते. एक लवचीक पट्टी असते, मिलिमीटरच्या एक-दोन दशांश लांबीची. तिच्या टोकाखाली सुई असते. सुई पृष्ठभागावरून ओळीओळीने फिरते, पृष्ठभाग वर गेला की पट्टी वाकते, आणि पट्टीच्या पाठीवरून परावर्तित होणारा लेसरचा किरण सरकतो. किरण किती सरकला यावरून उंची कळते.

हे वर्गात करून दाखवता येते. दहा सेंटिमीटरची सपाट पट्टी टेबलावर ठेवा, तिच्यावर आरशाचा लहान तुकडा चिकटवा, आणि लेसरच्या टॉर्चचा किरण आरशावरून पाच मीटर लांबच्या भिंतीवर पाडा. टॉर्च हातात न धरता पक्का बसवा आणि किरण कोणाच्या डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्या. आता पट्टीच्या एका टोकाखाली वहीचा एक कागद सरकवा. कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर. पट्टी एक सहस्रांश रेडियनने कलते, परावर्तित किरण त्याच्या दुप्पट वळतो, आणि भिंतीवरचा ठिपका एक सेंटिमीटर सरकतो. कागदाची जाडी शंभर पटींनी मोठी होऊन भिंतीवर दिसली! हा प्रयोग झाल्यावर मुलांना पुढचे काही जड जात नाही.

फोटो नव्हे

आमची पहिली तक्रार 'अणूंचे छायाचित्र' या शब्दप्रयोगाबद्दल आहे. छायाचित्रात प्रकाश असतो. इथे वस्तूकडून आलेला प्रकाश चित्रात कुठेच नाही. यंत्राकडून येते ती आकड्यांची जाळी: अमुक बिंदूवर अमुक उंची. त्या आकड्यांना संगणकावर सोनेरी, तांबूस, जांभळा असा कोणताही रंग देता येतो, आणि बाजूने उजेड पडल्यासारखी सावलीही घालता येते. एका शिबिरात आम्ही असे सोनेरी चित्र पडद्यावर दाखवले तेव्हा मागच्या बाकावरून एका बाईंनी विचारले, "हे पिवळे म्हणजे गंधक का?" हसण्यासारखा प्रश्न नव्हता. चित्र पाहून कोणालाही हेच वाटावे, अशीच त्याची मांडणी होती.

रंगापेक्षा उंचीची फसवणूक मोठी. अपोफिलाइटच्या एका थराची जाडी सुमारे ०.८ नॅनोमीटर असते; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. समजा चित्राची रुंदी दोन हजार नॅनोमीटर आहे. म्हणजे रुंदीच्या अडीच हजाराव्या भागाइतकी ही पायरी. चित्रात मात्र ती कड्यासारखी उभी दिसते, कारण उभे माप शेकडो पटींनी ताणलेले असते. वाघूर नदीच्या वळणावरचा अजिंठ्याचा कडा सुमारे ७६ मीटर उंचीचा आहे. त्याची तुलना घ्यायची तर हा ७६ मीटरचा चढ सुमारे १९० किलोमीटरच्या वाटेवर यायला हवा, म्हणजे अजिंठ्याहून छत्रपती संभाजीनगरला जाऊन जवळजवळ परत येण्याइतक्या. अशा जमिनीला आपण मैदान म्हणू, कडा म्हणणार नाही. उभे माप ताणण्यात गैर काही नाही, नकाशातही ते ताणतात. किती ताणले ते चित्राखाली लिहिलेले नसते, हे गैर.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. सुरुवातीच्या काळात प्रसिद्ध झालेल्या कितीतरी चित्रांत अणूंच्या ओळी अगदी बिनचूक दिसत, एकही अणू जागेवरून हललेला नाही. खरा स्फटिक इतका निर्दोष क्वचितच असतो. एका कंगव्यावरून दुसरा कंगवा ओढून पाहा. खालच्या कंगव्याचा एक दात तुटलेला असला तरी हाताला लागणारी लय बदलत नाही, कारण वरचे अनेक दात एकाच वेळी टेकलेले असतात. सुईचे टोक बोथट असले की हेच घडते: जाळीची लय कळते, सुटा अणू कळत नाही. एकेक अणूची खरी उकल या यंत्राने होऊ शकते हे १९९३ मध्ये ओनेसोर्ग आणि बिनिग यांनी दाखवले. त्यांनी त्यासाठी निवडलेला पृष्ठभाग पाण्याखालच्या कॅल्साइटचा होता. कॅल्साइट हाही आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतलाच रहिवासी.

कुकरमधली सुई

पाण्याखाली सुई फिरवणे १९८७ पासून साधले होते. कॅलिफोर्नियातील पॉल हान्स्मा यांच्या गटाने १९९२ मध्ये कॅल्साइटचा पृष्ठभाग पाण्यात वाढताना आणि विरघळताना क्रमाक्रमाने टिपला. स्फटिक पायरीपायरीने, बहुतेक वेळा एखाद्या दोषाभोवती गोल जिन्यासारखा वाढतो, हे बर्टन, काब्रेरा आणि फ्रँक यांनी १९५१ मध्ये गणिताने मांडले होते. आता ते चालताना दिसू लागले. पण हे सारे खोलीच्या तापमानाला. आपल्या खड्याला जन्म देणारे पाणी गरम होते, आणि तिथे हे यंत्र हतबल होते.

अडचणी कोणत्या, हे मुलांना स्वयंपाकघरातून सांगता येईल. उघड्या भांड्यातले पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, उकळू लागते. बुडबुडे उठले की लेसरचा किरण विस्कटतो आणि सुई थरथरते. पाणी उकळू द्यायचे नसेल तर झाकण घट्ट लावून दाब वाढवावा लागतो. घरच्या कुकरमध्ये सुमारे दोन वातावरणांच्या दाबाला पाणी १२० अंशांपर्यंत तापते. १५० अंशांना ते द्रवरूप ठेवायचे तर पावणेपाच वातावरणे तरी दाब हवा. शिवाय सुई किंवा नमुना अणूच्या मापाने हलवणारी जी दाबविद्युत नळी यंत्रात असते ती उष्णता सोसत नाही; फार तापली तर तिचा गुणच नाहीसा होतो. थोडक्यात, कुकरच्या आत सुई फिरवायची, आणि ती फिरवणारा हात मात्र थंड व कोरडा ठेवायचा.

अमेरिकेत वायोमिंग विद्यापीठातील स्टीव्हन हिगिन्स व कॅरिक एगलस्टन यांनी लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील केव्हिन नॉस व कार्ल बोरो यांच्यासह १९९८ मध्ये हे जमवले. त्यांचे पाण्याचे पात्र टायटॅनियमचे होते आणि लेसर आत जाण्यासाठी त्याला नीलमण्याची खिडकी होती. पात्र आणि यंत्राचा नाजूक भाग यांच्यामध्ये रसायनांना दाद न देणारा पडदा होता. पडद्याच्या पलीकडे निष्क्रिय वायू तितक्याच दाबाने भरलेला, म्हणजे पडदा कोणत्याच बाजूला फुगत नाही. यंत्राची मर्यादा १५० अंश सेल्सियस आणि ६ वातावरणे. एवढ्या गरम पाण्यातही एका नॅनोमीटरहून कमी उंचीची पायरी त्यांना ओळखता आली. आम्हाला यातली सर्वांत देखणी गोष्ट तो पडदा वाटते. दोन्ही बाजूंचा दाब सारखा ठेवण्याची ती युक्ती आठवीच्या विद्यार्थ्यालाही समजते.

दाब कोणाचा?

आता कौतुकाबरोबर तपासणीही करू. या यंत्राबद्दलच्या सोप्या लेखनात 'प्रचंड दाब', 'पृथ्वीच्या पोटातील परिस्थिती' असे शब्द सहज येऊन जातात. ६ वातावरणे म्हणजे किती? पन्नास मीटर खोल पाण्याखाली असतो तेवढा दाब, कुकरच्या तिप्पट. पृथ्वीच्या पोटातला म्हणावा असा तो मुळीच नाही. मात्र आपल्या झिओलाइटांच्या दृष्टीने ही मर्यादा अगदीच गैरलागू नाही, कारण ही खनिजे पृथ्वीच्या खोल पोटात बनलेलीच नाहीत. शंभर-दोनशे अंशांच्या, कधी त्याहूनही थंड पाण्यात, लाव्हाच्या थरांमध्येच ती तयार झाली. म्हणजे यंत्र थोडक्यात भागवते ते आपल्या खड्याला जवळजवळ पुरते. 'प्रचंड' हे विशेषण काढून टाकले की यंत्राची योग्यता वाढते, कमी होत नाही.

पण खरा मोठा दाब वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि त्याचा उल्लेख सोप्या लेखांत आम्हाला क्वचितच आढळला. समजा सुई पृष्ठभागावर १ नॅनोन्यूटन बलाने टेकते. हे बल नगण्य वाटते. पण टोकाचा संपर्क जर १० चौरस नॅनोमीटर एवढाच असेल, तर दाब होतो १० कोटी पास्कल, म्हणजे सुमारे एक हजार वातावरणे! पात्रात ६ आणि सुईखाली १०००. अकरावीच्या विद्यार्थ्याला हा भागाकार जरूर करायला द्यावा. हे आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत. सुई अधिक बोथट असेल तर दाब कमी होईल. तरी मुद्दा तोच राहतो. ज्या सुईने आपण पृष्ठभाग चाचपतो आहोत ती पृष्ठभागाला ढकलते आणि खरवडतेही. पायरीच्या कडेवरचे अणू आधीच सैल असतात; सुईच्या रेट्याने ते लवकर निघाले तर आपण मोजू ती विरघळण्याची गती नव्हे, विरघळणे अधिक खरवडणे.

या शंकेची तपासणी प्रयोगकर्ते साध्या उपायाने करतात. लहान चौकोनी जागा बराच वेळ चाचपायची, मग सुई मागे घेऊन चौकोनासकट भोवतालची मोठी जागा एकदाच पाहायची. मोठ्या चित्रात तो लहान चौकोन वेगळा उठून दिसला तर सुईने साक्षीदाराची जागा सोडून हस्तक्षेप केला असे समजायचे. चौकोन दिसला नाही तर साक्ष बरीचशी विश्वसनीय. प्रसिद्ध झालेल्या चित्रांपेक्षा हे तपासणीचे चित्र वर्गात दाखवण्याच्या अधिक लायकीचे असते. विज्ञान कसे चालते ते त्यात दिसते. पण ते देखणे नसते, म्हणून प्रदर्शनात लागत नाही.

अपोफिलाइटची कथा

अशा गरम पाण्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली चक्क अपोफिलाइट ठेवला गेला आहे. जर्मनीत अल्दुशिन, गुंट्राम जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे काम प्रसिद्ध केले. अपोफिलाइट थरांचा बनलेला असतो: सिलिकेटचे पत्रे, आणि त्यांच्यामध्ये कॅल्शियम, पोटॅशियम व पाणी. म्हणूनच तो अभ्रकासारखा एका दिशेने सपाट फुटतो आणि फुटलेल्या बाजूला मोत्यासारखी झळाळी असते. सुईला असा सपाट पृष्ठभाग फार सोयीचा.

आम्लधर्मी पाण्यात हा पृष्ठभाग साखरेच्या खड्यासारखा कडेकडेने विरघळत जाईल अशी आपली साधी अपेक्षा असते. घडले निराळे. पृष्ठभाग फुगू लागला, त्यावर उंचवटे दिसू लागले. पत्र्यांमधले कॅल्शियम-पोटॅशियम निघून जाते, त्यांच्या जागी पाण्यातला हायड्रोजन शिरतो आणि पत्रे एकमेकांपासून दूर सरतात. दगड झिजण्याआधी फुगतो! याच खनिजाची पूड चंबूत घालून पाण्यातले कॅल्शियम मोजत बसलो असतो तर किती निघाले ते कळले असते, कुठून आणि कसे निघाले ते कळले नसते. सुईची साक्ष इथे खरोखर मोलाची ठरते. आणि वर सांगितलेला धोकाही इथेच सर्वांत मोठा: पोखरलेला, फुगलेला थर मूळ स्फटिकाइतका घट्ट राहत नाही, त्यामुळे सुई किती जोराने फिरते याला फार महत्त्व येते.

तासाचे महिने

मग पाणी तापवायचे कशासाठी? एक कारण आपण पाहिले: खनिजे गरम पाण्यात जन्मतात. दुसरे कारण व्यावहारिक आहे. सिलिकेट खनिजे थंड पाण्यात इतकी सावकाश बदलतात की यंत्रासमोर बसलेल्या माणसाचा धीर सुटेल. अरेनिअसचे सूत्र घेऊन हिशेब करा. सक्रियण ऊर्जा मोलला ७० किलोजूल धरली तर २५ अंशांपेक्षा १५० अंशांना क्रिया सुमारे ४२०० पट जलद होते. १५० अंशांना एका तासात होणाऱ्या बदलाला २५ अंशांना १७५ दिवस लागतील. उष्णता म्हणजे इथे वेळ विकत घेण्याचे साधन.

आता सक्रियण ऊर्जा ७० ऐवजी ५० धरून पाहा. गुणक ४२०० वरून ३९० वर येतो, आणि १७५ दिवसांचे १६ दिवस होतात. मोजमापात वीस किलोजूलचा घोळ झाला तर निष्कर्षात दहापटींहून अधिक फरक! त्यात गरम आणि थंड पाण्यात क्रियेची वाटच वेगळी असू शकते, मग सूत्र लावणेच चुकीचे. आमच्या मते या पद्धतीची सर्वांत कच्ची जागा ही आहे, आणि तिचा दोष यंत्राकडे नसून आपल्या घाईकडे जातो. गरम पाण्यातला आकडा उचलून तो डोंगरावर चिकटवण्याचा मोह आवरत नाही.

डोंगरावरची परिस्थिती कशी असते? प्रयोगातला पृष्ठभाग नुकताच फोडलेला, स्वच्छ. डोंगरावरचा हजारो वर्षे उघडा पडलेला, मातीने, शेवाळाने, आपल्याच विघटनाच्या पापुद्र्याने झाकलेला. प्रयोगात ताजे पाणी सतत वाहते. दगडाच्या भेगेत तेच पाणी मुरून राहते आणि विरघळलेल्या घटकांनी जवळजवळ संपृक्त होते. सुईची खिडकी केसाच्या जाडीहूनही कितीतरी लहान. प्रयोगशाळेत मोजलेल्या गतीपेक्षा निसर्गातले विघटन शेकडो ते हजारो पटींनी, काही वेळा त्याहूनही मंद असते, हे भूरसायनतज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे. या तफावतीची कारणे शोधणे हा स्वतंत्र अभ्यासविषय होऊन बसला आहे.

अजिंठ्याच्या बाबतीत हा नुसता पुस्तकी वाद नाही. इथला दगड, त्यावरचा मातीचा गिलावा आणि त्यावरचे रंग ही सगळी एकावर एक बसलेली पृष्ठेच आहेत. चित्रांतला निळा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून आलेल्या लाजवर्दाचा, पण हिरवा रंग हिरव्या मातीचा. आणि हिरवी माती बनते त्या सेलॅडोनाइट या खनिजाचे अस्तर आपल्याच बसाल्टच्या पोकळ्यांना असते. म्हणजे ज्या पाण्याने आपला खडा वाढवला त्याच जातीच्या पाण्याने हा रंगही बनवला. या पृष्ठांवर काय लावावे, काय लावू नये, हा निर्णय कोणाला तरी घ्यावाच लागतो. १९२०–२२ मध्ये हैदराबाद संस्थानाने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या जाणकारांना बोलावले. सुटू पाहणारा गिलावा त्यांनी जागच्या जागी पक्का केला, हे त्यांचे श्रेय आहे. त्याबरोबर चित्रांवर लाखेचे पातळ रोगणही चढवले. त्या वेळी रंग उजळले, सगळ्यांना बरे वाटले. पुढे काही दशकांत रोगण पिवळे-तपकिरी पडले, त्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि चित्रे झाकोळली. ते रोगण उतरवण्याचे किचकट काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांच्या वाट्याला आले.

त्या दोघांपाशी आजची यंत्रे नव्हती, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण आज दगडावर किंवा रंगावर लावायच्या द्रव्याची परीक्षा बहुधा तापवून, भिजवून, वेळ आखडूनच केली जाते, कारण पन्नास वर्षे थांबायला कोणी तयार नसते. तेव्हा परीक्षेचे तापमान किती होते, पाणी वाहते होते की साचलेले, पृष्ठभाग ताजा होता की जुना, हे न विचारता 'शंभर वर्षे टिकेल' असा निकाल कोणी दिला, तर तो लाखेच्या उजळलेल्या रंगाइतकाच कच्चा समजावा.

शिबिरातल्या त्या प्रश्नानंतर आम्ही सोनेरी चित्र दाखवणे बंद केले. आता करडे, साधे चित्र दाखवतो आणि शेजारी एका रेषेवरचा उंचीचा आलेख ठेवतो. चित्राखाली खडूने लिहितो: रुंदी किती, उंची किती पट ताणली, पाणी किती अंशांचे, दोन चित्रांमध्ये किती वेळ गेला, सुईचा चौकोन तपासला की नाही. यातली एखादी माहिती मिळाली नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह काढतो.

सहलीतला तो खडा त्या मुलाने शाळेला दिला. त्याची उंची बरोबर एक सेंटिमीटर भरली. थराची जाडी ०.८ नॅनोमीटरपेक्षा किंचित कमी धरून मुलांनी भागाकार केला, तेव्हा सुमारे १ कोटी २७ लाख थर निघाले. तासाला एक थर वाढला असे मानले तर खडा तयार व्हायला साडेचौदाशे वर्षे. दिवसाला एक मानला तर जवळजवळ पस्तीस हजार. कोणता आकडा घ्यायचा आणि कशाच्या आधारावर, यावर वर्गात अर्धा तास वाद चालला. पाणी मधेच आटले असेल तर काय, असेही कोणी तरी विचारले. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा दोन्ही आकडे फळ्यावर तसेच होते.